मधल्या खुर्चीवर कोण

आनंदाला कुणी भेटायला आलं की तो नमस्काराच्या आधी दोन्ही हात पुढे करून नखं दाखवायचा. पाहुण्यांना वाटायचं, पोराने आजच नखं कापलीत आणि त्याला कौतुक हवंय. "अरे वा, छान छान," म्हणून ते चहाकडे वळायचे. मी मात्र बघायची. नखं जांभळट असायचीच. आज किती जांभळट, तेवढंच बघायचं असायचं.

जन्मतःच त्याच्या हृदयात भोक होतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद होती. वापरलेलं रक्त फुप्फुसात न जाता तसंच पुन्हा अंगभर फिरायचं. खेळता खेळता दम लागला की तो उकिडवा बसायचा, थोड्या वेळाने उठून परत पळायचा. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. खरी भीती रडण्याची होती. फार रडला की ओठ आधी निळे, मग काळपट व्हायचे, श्वास खोल खोल जायचा आणि मान एका बाजूला पडायची. त्या वेळी गुडघे छातीशी दाबून धरायचे, असं डॉक्टरांनी दाखवलं होतं. म्हणून आमच्या घरात चार वर्षांच्या पोराला कुणी रडू देत नसे. मागेल ते मिळे. कोपर गावातल्या आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा त्याच्याकडून मुद्दाम हरत.

सासूबाई त्याला "म्हाताऱ्या" म्हणत. नाव आजोबांचं ठेवलं होतं आणि स्वतःच्या नवऱ्याचं नाव त्या कशा घेणार? "म्हाताऱ्या, जेवलास का रं?" म्हणायच्या आणि तोही म्हाताऱ्यासारखा मान हलवायचा. मला मात्र त्या एक गोष्ट वरचेवर ऐकवत.

"शकू गो, सारखी बघत नको जाऊस त्याच्याकडं. आयेचीच नजर लागते पोराला. बापाची नाय लागत, शेजाऱ्याची नाय लागत, आयेची लागते."

मी बी. एस्सी. झालेली. रसायनशास्त्र घेऊन. असलं ऐकलं की डोकं फिरायचं. तरी संध्याकाळी त्या मीठमिरच्या घेऊन त्याच्यावरून उतरवायला लागल्या की मी गप्प उभी राहायची.

नवऱ्याचा मंडपाचा धंदा. चंदूशेठ डेकोरेटर. मंडप, खुर्च्या, लाइट, कर्णे. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, त्यामुळे हंगामात हा माणूस घरात दिसायचा नाही. दिसला की आनंदाला खांद्यावर घेऊन नाचायचा. "अहो, त्याला दम लागेल," मी म्हणायची. "नाचतोय मी, त्याला कसा लागंल दम?" असं त्याचं उत्तर. पोराच्या नखांकडे त्याला बघताना मी कधीच पाहिलं नव्हतं. आजार माझ्या एकटीच्या वाट्याला आलाय आणि घरातले बाकी सगळे त्याच्या शेजारी राहतात, असं मला वाटायचं. असल्या गोष्टी बोलायच्या तरी कुणाशी? माहेरी सांगितलं तर आई रडायची आणि तिलाच समजवावं लागायचं.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर मद्रासच्या एका इस्पितळाने ऑपरेशनची तारीख दिली. आमच्या डॉक्टरांनी रेल्वेने न्यायला साफ नकार दिला. "एवढा लांबचा प्रवास, आणि दोन स्टेशनांच्या मध्ये काही झालं तर करणार काय? विमानाने न्या." विमान कंपनीच्या डॉक्टरांनी पोराला तपासलं आणि अट घातली. वाटेत ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि तो द्यायला शिकलेलं माणूस शेजारी हवं. तीन खुर्च्यांची एक रांग मिळेल. खिडकीशी मूल, मध्ये ते शिकलेलं माणूस आणि कडेच्या खुर्चीवर बांधलेलं सिलिंडर. दुसऱ्या पालकाला मागे जिथे असेल तिथे जागा.

मधल्या खुर्चीवर कोण, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडलाच नाही. मीच. दुसरं कोण?

शिकायचं ठाण्याला. तलावपाळीजवळच्या एका इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर कलावती सिस्टर वर्ग घ्यायच्या. विमानातून न्यायच्या रोग्यांचा श्वास कसा सांभाळायचा, एवढाच त्या वर्गाचा विषय. सिस्टर हवाई दलाच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या. उंच पहाडातून आजारी जवानांना खाली आणण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. केस बारीक कापलेले, आवाज कोरडा. वर्गाला कल्याणच्या दोन नर्स यायच्या आणि ॲम्ब्युलन्सवरची काही माणसं. ती एकमेकांना ओळखत, मधल्या सुट्टीत खाली वडापाव खायला जात. मी एकटी आई. मला कुणी "चला" म्हणालं नाही. म्हणाले असते तरी मी गेले नसते म्हणा; तेवढ्या वेळात मी खालच्या टेलिफोनवरून शेजारच्या रमाबाईंकडे फोन करून सासूबाईंना बोलावून घ्यायची.

"काय करतोय?"

"खेलतंय."

"ओठ कसे आहेत?"

"ओठाच्या जागी हायेत. ठेव गो फोन."

पहिल्या दिवशी सिस्टरांनी एक भली मोठी सिरिंज घेतली. आत बोटाच्या पेराएवढा फुगा, गाठ मारलेला. पुढचं भोक अंगठ्याने दाबून धरलं आणि दांडा मागे ओढला. आतला फुगा आपोआप टम्म झाला.

"मी फुगवला का?"

"नाही, सिस्टर."

"बाहेरची हवा विरळ झाली की आत कोंडलेली हवा पसरते. विमान ढगांच्या वर गेलं तरी आत आपल्याला वाटतं, आपण घरच्या सोफ्यावर बसलोय. तसं नसतं. आतली हवा महाबळेश्वरच्याही वरच्या डोंगरावर असावी तितकी विरळ असते. तुम्हाआम्हाला समजत नाही. ज्याचा श्वास आधीच उधारीवर चाललाय, त्याला समजतं."

मग घशात नळी घातलेल्या रोग्यांचं शिकवलं. नळी जागेवर धरून ठेवणारा इवलासा फुगा वर गेल्यावर हवेने फुगतो आणि घसा आतून दाबतो, म्हणून उड्डाणाआधी त्यात सलाइनचं पाणी भरायचं. नर्स उतरवून घेत होत्या. माझ्या आनंदाच्या घशात नळी नव्हती, तरी मी एकही शब्द सोडत नव्हते. न जाणो.

वर्ग संपल्यावर सिस्टरांनी मला थांबवून घेतलं.

"आनंदाच्या आई, तुमचा धडा वेगळा. ऑक्सिजनने तो गुलाबी होईल अशी आशा धरू नका. त्याचं रक्त चुकीच्या वाटेने जातंय, ते ऑक्सिजन बदलणार नाही. आहे त्याच्या खाली घसरू नये, म्हणून मास्क. समजलं?"

"हो."

"चेहऱ्याला तेल, व्हॅसलीन, काही लावायचं नाही. ऑक्सिजन आणि तेलाचं वैर असतं. पाणी भरपूर पाजायचं, त्याचं रक्त दाट आहे. आणि खरी परीक्षा चढताना नाही, उतरताना. तेव्हा हवा परत दाट होते आणि कानाचे पडदे आत ओढले जातात. मोठं माणूस आवंढा गिळतं. मूल काय करतं?"

"रडतं."

"आणि आनंदा रडला तर?"

मी मांडीवरची वही मिटली.

"म्हणून उतरायच्या आधीपासून त्याला जागा ठेवायचा, घोट घोट काहीतरी पाजत राहायचं, आणि रडू द्यायचं नाही. एवढंच."

एवढंच! मी घरी येऊन त्यावर तुटून पडले. सिस्टरांनी सरावाला दिलेला मास्क मी उशीवर लावून बघितला, सासूबाईंवर लावून बघितला. ("माझा जीव घेतेस का काय गो?") सिलिंडरची चावी कुठल्या बाजूला फिरते, काटा कुठे हवा, मास्कची पिशवी फुगली नाही तर आधी काय बघायचं, गुडघे छातीशी धरताना मान कशी ठेवायची. सिस्टरांनी वर्गात मध्येच कुणालाही उठवून विचारावं आणि कुणाला येत नसलं की माझ्याकडे बघावं, असं सुरू झालं. ॲम्ब्युलन्सवरचा धोंडिबा एकदा म्हणालाच, "बाई, तुम्ही आमची नोकरी खाणार."

शेवटच्या वर्गाला आनंदाला घेऊन यायला सांगितलं होतं. सिस्टरांनी तीन खुर्च्या ओळीत मांडल्या, भिंतीकडची खिडकीची मानली, कडेच्या खुर्चीला सिलिंडर बांधलं. आनंदा भिंतीकडे, मी मध्ये. मी मास्क उचलला. रबर आधी मागून, मग नाकावर हलकेच, कडा नीट बसल्या का ते बोटाने. सगळं बरोबर. आनंदा मास्ककडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"आई, मी निळा झालो?"

"नाही रे राजा. कुठे?"

"मग तू अशी का बघतेस?"

मी हसले. त्याने ते हसू नीट निरखलं आणि त्याचा खालचा ओठ बाहेर आला. मग हुंदका, मग रडणं, मास्कच्या आत वाफ. मी त्याला उचललं, गुडघे छातीशी घेतले, ऑक्सिजन वाढवला, पाठ एका तालात थोपटत राहिले. नर्स उठून उभ्या राहिल्या होत्या. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. हळूहळू त्याचा श्वास संथ झाला, ओठांवरचा काळपटपणा ओसरला. तो माझ्या खांद्यावर झोपून गेला.

सिस्टरांनी बाकीच्यांना खाली चहाला पाठवलं.

"हात पैकीच्या पैकी," त्या म्हणाल्या. "माझ्या नर्सना इतकं सुबक जमत नाही. पण तो रडला कशाने?"

"मास्कला घाबरला."

"मास्ककडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, शकुंतला." पहिल्यांदाच त्यांनी मला नावाने हाक मारली. "आपण निळे झालो की नाही हे त्याला स्वतःला दिसत नाही. तो तुझ्या चेहऱ्यावर बघतो. आणि तुझ्या चेहऱ्यावर कायम तेच असतं."

सासूबाईंचं वाक्य माझ्या कानात वाजलं आणि मला संताप आला. तेच! मीठमिरच्यांऐवजी पांढरी साडी, एवढाच फरक. चार वर्षं मी बघितलं नसतं तर हे पोर राहिलं असतं का? दोनदा, मी बघत होते म्हणून वेळेवर पोचलो. हे सगळं मी बोलूनही दाखवलं, आवाज चढवून. सिस्टरांनी ऐकून घेतलं.

"राहिला तो तुझ्यामुळेच," त्या म्हणाल्या. "घरी धावता येतं, डॉक्टरकडे पोचता येतं. वर धावायला जागा नसते. तिथे बघणाऱ्यापेक्षा न रडवणारं माणूस हवं."

तेवढ्यात चंदूशेठ आम्हाला न्यायला टेम्पो घेऊन आले. भिवंडीच्या कुठल्या तरी मंडपावरून थेट, कपड्यांवर सुतळीचे धागे. आवाजाने आनंदा जागा झाला. "पप्पा!" नवऱ्याने इकडे तिकडे बघितलं, मोकळी दिसली म्हणून मधल्याच खुर्चीवर बसकण मारली आणि पडलेला मास्क उचलून स्वतःच्या नाकावर धरला.

"वळख बरं मी कोन?"

"हत्ती."

"हत्तीला सोंड हाय का पन? आता तुला लावतो, तू हत्तीचा पिल्लू."

मास्क उलटा लागला. सिस्टर खेकसल्या, "अहो, नाकाची बाजू वर! पोराच्या डोळ्याला ऑक्सिजन देताय का?" त्याने सुलटा केला. आनंदा आतून खिदळत होता. मास्कच्या आत वाफ येत होती, जात होती.

सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कंपनीला नाव मी उद्या कळवीन. कुणाचं ते तू सांग. त्याचं असलं तर तयार तू करायचंस."

परतताना टेम्पोत आनंदा मध्ये बसून झोपला. मुंब्र्याच्या डोंगराखालून जाताना मी म्हटलं, "विमानात त्याच्याजवळ तुम्ही बसा."

"मी?" तो हसला. मग त्याला कळलं की मी हसत नाहीये. "येडी झालीस का? मला काय येतं त्यातलं? तूच बस. तू शिकलेली हायेस."

"मी शिकवेन."

"आनि काय झालं म्हंजे? माझ्या हातात? नाय शकू. मंडप पडला तर परत उभा करता येतो."

इतक्या वर्षांत त्याला घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला. शिळफाटा मागे पडला तरी तो नुसता समोरचा रस्ता बघत गाडी हाकत होता. मला वाटलं, आता हा नकार देणार आणि मी सुटणार. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. घराच्या दारात गाडी थांबवून तो म्हणाला, "उद्यापासून शिकव. धंद्यावर नाय जात."

मग मी शिकवलं. दुपारी आनंदा झोपला की आम्ही मंडपाच्या तीन खुर्च्या ओळीत मांडायचो. त्याचे हात जड. दोऱ्या आवळणारे हात, रबर ओढलं की सपकन सुटायचं. मी चिडायची, तो "परत" म्हणायचा. गुडघे छातीशी घ्यायचे ते उशीवर इतक्या जोरात घ्यायचा की मी ओरडायची, "अहो, ताडपत्री नाही ती!" सासूबाई दारातून बघत आणि पदराआड हसत.

एकदा त्याने विचारलं, "निळा झाला ते मला कळनार कसं?"

मी झोपलेल्या आनंदाचा हात त्याच्या हाताशेजारी ठेवला. "हे बघा. हे तुमचं नख, हे त्याचं."

त्याने बराच वेळ बघितलं. "आज जास्त हाय का?"

"आज कमी आहे."

"मला तो रोज असाच दिसतो गो," तो म्हणाला. "आनंदासारखा."

मी त्याला रंग शिकवायचा नाद सोडला. श्वास शिकवला. नाकपुड्या फुलल्या, छातीखाली खड्डा पडायला लागला, कण्हला, मान सैल पडली, हाक मारल्यावर नजर वळली नाही, तर लगेच. ते त्याला पटकन आलं. शेवटी शेवटी तो माझ्याशिवाय करायला लागला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत असायची: "हत्तीच्या पिल्ला, प्या पानी. अजून येक घोट. सोंडेत नको ओतू." बाहेर जाऊन बघायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. कढईतलं हलवत राहायची. कधी भाजी करपायची.

निघायच्या सकाळी सासूबाईंनी प्रवासाला म्हणून त्याच्या डोक्याला आणि गालांना चोपडून तेल लावलं. मी त्याला मोरीत नेऊन साबणाने धुतलं. त्यांनीच टॉवेल आणून दिला.

विमानात मला मागे जागा मिळाली. पुढच्या रांगेपर्यंत नुसत्या खुर्च्यांच्या पाठी. आनंदा खुर्चीच्या पाठीपेक्षा बुटका, त्यामुळे तो कुठेच नव्हता. चंदूशेठच्या डोक्याचा वरचा भाग दिसत होता, सिलिंडरचा पांढरा खांदा दिसत होता. माझ्या शेजारी एक वयस्कर मद्रासी बाई होत्या. त्यांनी मला काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. मी पुढे बोट करून "सन, हजबंड" म्हटलं. मग मी इथे का, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. ते इंग्रजीतसुद्धा मला सांगता आलं नसतं.

विमान चढलं. नवऱ्याचं डोकं एकदा डावीकडे झुकलं, एकदा खाली गेलं, परत वर आलं. प्रत्येक हालचालीचा मी अर्थ लावत होते. खाली गेलं म्हणजे मास्क लावतोय. डावीकडे म्हणजे खिडकीतून काही दाखवतोय. मग किती तरी वेळ ते डोकं हललंच नाही आणि त्याचा अर्थ मला लागेना. उठून दोन पावलं गेलं की दिसलं असतं. एअर होस्टेस दोनदा जाऊन आली, तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी पट्टा काढला, परत लावला. आनंदाने मला पाहिलं की तो माझा चेहरा वाचणार, आणि त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक होतं.

उतरायला लागलो तेव्हा माझे कान दाटून आले. आधी इंजिनाचा आवाज दूर गेला, मग माणसांचा, मग सगळंच. कानात बोळे घातल्यासारखं झालं आणि दुखायला लागलं. आवंढा गिळायचा असतो. मी ते दुसऱ्याला इतक्यांदा सांगितलं होतं. पण मी गिळला नाही. गिळला की कान उघडणार, आणि कान उघडले की रडणं असलं तर ऐकू येणार. ऐकू आलं तर मी खुर्चीत राहिले नसते. मी दात आवळून, तोंड कोरडं करून बसून राहिले. पुढे नवऱ्याचं डोकं खिडकीकडे पुरतं वाकलं होतं आणि त्याचा खांदा पुन्हा पुन्हा हलत होता. तो पाजत असेल. किंवा गुडघे छातीशी घेतले असतील. मागून दोन्ही सारखंच दिसतं. शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचे ओठ हलत होते.

चाकं टेकली तेव्हा धक्क्याने माझा आवंढा आपोआप गिळला गेला. कान फटकन मोकळे झाले आणि सगळे आवाज एकदम आत घुसले. ब्रेकची घरघर, डब्यांची खडखड, कुणाचं तरी खोकणं. कुठेही रडणं नव्हतं. आणि मग पुढून, मास्कच्या आतून आल्यासारखा दबलेला, पण खणखणीत हट्टाचा आवाज:

"पप्पा, परत वर न्यायला सांग ना! आताच्या आता!"

"सांगतो, सांगतो. डायवर वळखीचा हाय आपल्या."

माणसं उठून वरचे डबे उघडायला लागली. शेजारच्या बाई मला वाट करून देण्यासाठी पाय आखडून बसल्या आणि पुढे हात केला, जा म्हणून. मी मान हलवली. त्यांनाच आधी जाऊ दिलं, त्यांच्या मागच्यांना जाऊ दिलं. आनंदा अजून परत वर जायचा हट्ट करत होता, एकदाही दम न लागता, आणि माझं नाव न काढता. मी तोंडावरून पदर फिरवला आणि रांग पुरती रिकामी होईपर्यंत तिथेच बसून त्याचा आवाज ऐकत राहिले.